पिनरचा मुराळी

दिनूमामांची आणि माझी पहिली भेट वॉटफर्ड जंक्शनच्या लिफ्टमध्ये झाली. लिफ्ट उत्तम चालली होती, तरीही एक उंच, वाकलेले गृहस्थ तिच्या भिंतीला कान लावून उभे होते. शेजारी व्हीलचेअरमध्ये रेशमी साडीवर जाड अनोरॅक घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. मी पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. "ठेवते गं, लिफ्टमध्ये आहे," एवढं मी म्हणाले मात्र, त्या गृहस्थांनी भिंतीवरचा कान काढला आणि विचारलं, "कोणाच्या तुम्ही?"

हा प्रश्न मला इंग्लंडमध्ये कोणीच विचारला नव्हता. इथे नवीन मराठी माणूस भेटला की तुमची कंपनी विचारतो, मग व्हिसा, मग मुलांची शाळा. 'कोणाच्या' हे मला शेवटचं माझ्या लग्नात विचारलं गेलं होतं. मी माहेरचं आडनाव सांगितलं, सासरचं सांगितलं. टॅक्सी यायला सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढ्यात मामांनी शोधून काढलं की माझ्या सासूबाईंची मामेबहीण त्यांच्या चुलतभावाला दिली होती.

"म्हणजे तू माझी सून लागतेस. अहो-जाहो कॅन्सल," ते म्हणाले. "आणि ही माझी बहीण. आत्ता डंडीहून आणली."

"सख्खी?"

"सख्खी कुठली! मला सख्खी बहीणच नाही. ही काकूच्या भावाची मुलगी. पण बहीण."

आजींनी मान डोलावली. त्यांना हे आधीच पटवून झालेलं दिसत होतं.

नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मला चौकशीचा आजार आहे. असेल. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लांबच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बाईला सहा तास ट्रेनमध्ये बसवून स्कॉटलंडहून लंडनच्या कडेच्या पिनरला का आणतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडणं शक्य नव्हतं. पुढच्याच शनिवारी मी केक घेऊन त्यांच्या दारात हजर झाले.

उत्तर त्यांनी दारातच दिलं. "मी मुराळी आहे."

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला येणारा माणूस. बहुतेक भाऊच. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, पण हाडामासाचा मुराळी पाहिला नव्हता. आमच्या घरी आत्याला फोन जायचा, आणि ती रिक्षा करून यायची. मामांना हे अजिबात मान्य नव्हतं. "निरोप फोनवर देता येतो," ते म्हणायचे, "माणूस आणायला माणूस जावं लागतं."

मामांनी उभी हयात हॉस्पिटलांतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. त्यामुळे ब्रिटनमधल्या कुठल्या स्टेशनवर लिफ्ट आहे, कुठे नुसता रॅम्प आहे आणि कुठे देवाचं नाव घेऊन जिना चढावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. नव्या स्टेशनवर उतरले की ते आधी लिफ्ट पाहायला जात, मग बहिणीकडे. बटण दाबून डोळे मिटून ऐकत. "बेअरिंग कुरकुरतंय, पण अजून वर्षभर मरण नाही," असा निकाल देत. स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही ते याच भाषेत बोलत.

बहिणी एकूण अकरा. कोणी चुलत, कोणी मावस, कोणी अशा, की नातं सांगायला दोन्ही हातांची बोटं लागावीत. नर्स म्हणून आलेल्या, डॉक्टर नवऱ्यामागून आलेल्या, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. सगळ्या सत्तरीच्या, ऐंशीच्या, एकेका गावात एकेकट्या. प्रत्येकीला वर्षातून एकदा चार दिवसांचं माहेरपण. मामा सकाळच्या गाडीने निघत. पिशवीत स्वतः केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत लसूण नाही, कारण गाडीच्या डब्यात परक्या माणसांच्या नाकाचा विचार करावा लागतो. परत येताना बहीण खिडकीशी, गाडीच्या दिशेला तोंड करून. मामा समोर, उलटे.

एकदा स्वॉन्झीच्या सिंधूताईंच्या मुलाने त्यांना फोन केला. मुलगा मोठा कन्सल्टंट. म्हणाला, "अंकल, व्हाय डू यू बॉदर? मी आईला कारने ड्रॉप करेन ना. तीन-चार तासांत डोअर टू डोअर."

"तू आणून सोडलीस तर ती पाहुणी," मामा म्हणाले. "मी नेली तर माहेरवाशीण."

मुलाला यातलं काही कळलं नाही, पण सिंधूताईंनी कार नको म्हणून सांगितलं. त्या ट्रेननेच आल्या. रेडिंगला गाडी पाऊण तास थांबून राहिली, आणि त्या पाऊण तासात त्यांनी मामांना सुनेबद्दल जे सांगितलं, ते घरच्या कारमध्ये सांगता आलं नसतं, असं नंतर मला म्हणाल्या.

पिनरच्या घरात नियम कडक होते. माहेरवाशिणीने पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. कुंदामामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे स्वयंपाक मामाच करत. आमटी बरी व्हायची. भाताबद्दल न बोललेलं बरं. लेस्टरच्या प्रमिलाताई तिसऱ्या दिवशी वैतागून सिंकपाशी गेल्या आणि मामांच्या हातातून स्क्रबर ओढू लागल्या. मी तिथेच होते. दोघं ऐंशीच्या आसपासची माणसं एका स्क्रबरसाठी झटापट करत होती.

"अरे, हात आखडले माझे बसून बसून!"

"आखडू देत. माहेरी भांडी घासायची नसतात. सासरच्या तक्रारी करायच्या असतात. कर."

"सासरचं आता कोण राहिलंय?"

"मग कौन्सिलच्या कर."

प्रमिलाताई बसल्या आणि त्यांनी सकाळच्या वेळी कौन्सिलकडून येणाऱ्या केअररपासून सुरुवात केली. मग कचऱ्याचं बिन कलेक्शन, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट, मग चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूबाई. मामा अधूनमधून "हं, मग?" एवढंच म्हणत भांडी घासत राहिले. दीड तासाने ताईंचा चेहरा असा उतरला, म्हणजे चांगल्या अर्थाने उतरला, की त्या खुर्चीतच झोपून गेल्या. मामांनी त्यांच्या पायांवर शाल टाकली आणि मला खुणेने सांगितलं, केक हळू काप.

अकरापैकी दहा जणी येत. अकरावी येत नव्हती.

ती मालूताई. मामांच्या आजोबांच्या भावाची नात, मामांहून सहा वर्षांनी मोठी. उत्तरेला समुद्रकाठी ग्रेंज-ओव्हर-सँड्स नावाचं गाव आहे, तिथे राहायची. दर वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामा तिला न्यायला जात आणि दर वर्षी ती नाही म्हणे. अशी नऊ वर्षं झाली होती.

"का नाही म्हणतात?" मी विचारलं.

"ते विचारायचं नसतं."

"पण तुम्हाला माहीत आहे?"

मामांनी हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाले, "तिला एकदा आणली की माझं काम संपलं. बाकीच्या माझ्यावर माया करतात म्हणून येतात. तिला मी देणं लागतो." एवढं बोलून त्यांनी विषय लिफ्टवर नेला.

त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी मुग्धा हॅरोला शाळेत शिकवते, जन्म इथलाच. तिने मला फोन केला. "बाबा ऐकतच नाही. त्यांची गुडघा अजून बरी नाही झाली, आणि ते ग्रेंजला जाणार म्हणतायत. अलोन! तू जाशील त्यांच्याबरोबर? प्लीज?" प्लीज म्हणायची काहीच गरज नव्हती. मी कॅलेंडरमध्ये रजा टाकून मोकळी झाले होते.

लँकेस्टरला गाडी बदलावी लागते. मग एक छोटी गाडी खाडीवरच्या लांबलचक पुलावरून जाते. खाली ओहोटीची वाळू, मैलोन् मैल, आणि पाणी कुठेच नाही. ग्रेंजला तर समुद्राच्या जागी गवत माजलंय आणि त्यात मेंढ्या चरतात. स्टेशनपासून मालूताईंचं घर जवळच होतं. पांढऱ्या केसांचा बॉबकट, लोकरी कार्डिगन, आणि तोंडात अशी मिरजेची मराठी, की तिला इतक्या वर्षांत कुठे पोचाही आला नव्हता. "या की. बसा. ही कोण रे, दिनू?" भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, जेफ्रींचा फोटो होता. गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं.

चहा झाला, दशम्या झाल्या, हवापाणी झालं. मग मामा सरसावून बसले. "ताई, न्यायला आलोय."

"नको रे, दिनू."

"बरं. पुढच्या वर्षी येतो." त्यांनी टोपी घातली, आणि आम्ही निघालो. अडीचशे मैल आलो होतो आणि संभाषण तेवढंच झालं. परतीच्या गाडीत तिच्या नावाची खिडकीची जागा राखलेली होती. एका बाईंनी विचारलं, कोणी बसलंय का इथे. मामा म्हणाले, "सॉरी, इट्स माय सिस्टर्स," आणि ती जागा त्यांनी वॉटफर्डपर्यंत रिकामी नेली. डबा गच्च भरलेला होता. मला त्या बाईंकडे बघवेना.

पुढच्या वर्षी पुन्हा आम्ही दोघंच गेलो. आता मामांच्या हातात काठी होती, आणि पायऱ्यांशी आले की ते आधी थांबून मनात काहीतरी मोजत. मुग्धाने बजावलं होतं, ही लास्ट टाइम. मामांनीही मान्य केलं होतं. म्हणजे आज मालूताई नाही म्हणाल्या, तर तो नकार कायमचा होता, हे जाताना आम्हा दोघांनाही माहीत होतं. लँकेस्टरची लिफ्टसुद्धा मामांनी ऐकली नाही.

तोच चहा, त्याच दशम्या. "ताई, न्यायला आलोय."

"नको रे, दिनू."

"बरं," मामा म्हणाले आणि उठायला गेले. गुडघ्याने साथ दिली नाही. ते परत खुर्चीत बसले. "पुढच्या वर्षी..." म्हणाले, आणि ते वाक्य काही त्यांना पुरं करता येईना.

मला राहवलं नाही. मामांनी बजावलेलं सगळं विसरून मी विचारलं, "पण का नको, ताई?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आज आपलं नातं तुटलं. मालूताई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या माझ्याशी बोलू लागल्या, मामांशी नाही.

"लग्नानंतरची पहिली दिवाळी होती माझी. वडिलांचं मिरजेहून पत्र आलं. तू इंग्रज केलास, झालं ते झालं. दिनू लंडनला आलाय, तो तुला दिवाळीला त्याच्याकडे नेईल, तेच माहेर समज. मी रडले बघ ते वाचून. मग आठ दिवसांनी ह्याचं पत्र. दिवाळीला ये म्हणून. आमच्यात पत्र पुढे यायचं आणि माणूस मागून. माझ्या आत्यांना आणायला आजोबा असेच जायचे. आधी कार्ड टाकायचे, दोन दिवसांनी स्वतः दारात. मी जेफ्रीला सांगितलं, माझा भाऊ मला न्यायला येणार. त्याने दुकान बंद केलं आणि मला स्टेशनवर घेऊन गेला. लंडनकडनं येणारी प्रत्येक गाडी बघितली आम्ही. गाडी गेली की म्हणायचा, 'ही'ल बी ऑन द नेक्स्ट वन, लव्ह.' दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, चल, आपणच लंडनला जाऊन येऊ. मी नाही म्हटलं."

मग मामांनी विचारलं, "तू स्टेशनवर होतीस?"

"दोन दिवस."

"मला वाटलं, तू आली नाहीस."

"येऊ कशी? न्यायला कोणी नको?"

"अगं, पत्रात गाडी लिहिली होती ना मी! त्या गाडीला मी लंडनला यूस्टन स्टेशनवर येऊन उभा होतो. तू उतरली नाहीस. म्हटलं चुकली असेल. मग पुढची बघितली. मग त्याच्या पुढची."

मालूताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. "यूस्टनला?"

"बोर्डाखाली. गाड्यांचा बोर्ड असतो ना, तिथे."

"किती वेळ?"

"दिवसभर."

"जेवला होतास?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "चौघांत एक खोली होती आमची. अंगावर दुसऱ्याचा कोट होता. तुझ्या साहेबाच्या दारात तसं उभं राहायची लाज वाटली, ताई. म्हणून नुसतं पत्र टाकलं. मग तू आली नाहीस, तर उलट तुझाच राग धरला. कुंदाला सांगितलं, तिचं नाव घरात काढायचं नाही. जेफ्री गेला तेव्हा आलो, तर तू एवढंच म्हणालीस, तेव्हा आला असतास तर. मला वाटलं, इतक्या वर्षांत भेटलो नाही म्हणून म्हणतेयस. चुकलो. यायला हवं होतं मी."

मला वाटतं, हे शेवटचं वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. आधीची नऊ-दहा वर्षं मामा तिला न्यायला येत होते. चुकलो असं म्हणायला ते आले नव्हते.

मालूताईंनी खिडकीबाहेर मेंढ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमची गाडी किती वाजता आहे?"

मला वाटलं, आम्हाला उठायला सांगतायत. मी वेळ सांगितली. त्या उठल्या आणि कपाटातून बॅग काढू लागल्या.

पुढचा तासभर मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात शांत धांदल होती. गोळ्यांचा डबा, गाऊन, चष्मा, शेजारणीला चिठ्ठी. मध्येच ताई स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी कागदात गुंडाळून घेऊन आल्या. मी विचारलं, तर "आहे काहीतरी" म्हणाल्या. मामा काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी जेफ्रींचा फोटो खाली उतरवला.

"हे काय रे?" ताई म्हणाल्या.

"जावई आहे घरचा. त्याला मागे ठेवून कसं चालेल?" आणि तो फोटो त्यांनी ताईंच्या गाऊनमध्ये नीट गुंडाळून बॅगेत ठेवला.

मामा त्यानंतर मार्चमध्ये गेले. मधल्या काळात मी आईच्या आजारपणासाठी पुण्यातच होते, फोनवर काय ते बोलणं व्हायचं. ताई चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्या तीन आठवडे राहिल्या, आणि त्यांना ग्रेंजला सोडायलाही मामाच गेले, मुग्धाला न जुमानता, हे सगळं मी फोनवरच ऐकलं. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर मामा आहेत ते त्याच संध्याकाळचे.

खरं तर आम्ही तिघांनी वॉटफर्डला उतरायचं ठरलं होतं. तिथून टॅक्सीने पिनर जवळ. पण मिल्टन कीन्स स्टेशन गेल्यावर मालूताई म्हणाल्या, "मला यूस्टन बघायचंय. तू कुठे उभा होतास ते दाखव." मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मुग्धाला मी फोन करून यूस्टनला यायला सांगितलं.

मीही पुढे जाऊ शकले असते. घरी घाईचं काही नव्हतं, आणि त्या बोर्डाखाली ही दोघं काय बोलणार, हे जाणून घ्यायची मला किती उत्सुकता होती हे मी लपवत नाही. पण आयुष्यात एकदा तरी आपण चौकशी न करता उतरावं, असं मला तेव्हा वाटलं. मी वॉटफर्डला उतरले.

प्लॅटफॉर्मवरून मी काचेवर टकटक केली. त्यांना ऐकू गेलं नाही. मालूताईंनी तो कागदाचा पुडा उघडला होता. त्यात चीज-पिकलची सँडविचेस होती, चार की सहा, दिसलं नाही. त्यांनी एक मामांच्या हातात ठेवलं. मामांनी दोन्ही हात हलवून काहीतरी सांगायला सुरुवात केली, बहुधा नियम सांगत असावेत. ताईंनी नुसतं बोट दाखवलं, आधी खा म्हणून. गाडी सुटली तेव्हा मामा मान खाली घालून मुकाट्याने खात होते, आणि त्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.